कॉम थ्री कुठे गेला?

रेडियमच्या दुकानातल्या कटिंग मशीनला मराठी येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. त्याला एचपीजीएल नावाची भाषा येते. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने ती आपल्या प्लॉटरांसाठी, म्हणजे कागदावर पेनने आराखडे काढणाऱ्या यंत्रांसाठी केली. पुढे पेनाच्या जागी पातं आलं, तरी भाषा जुनीच राहिली. संगणक अजूनही मशीनला सांगतो ते एवढंच: पेन उचल, अमुक ठिकाणी जा, पेन टेकव, तमुक ठिकाणापर्यंत ये. जागा मोजायची ती मिलिमीटरचे चाळीस भाग करून. ‘आईचा आशीर्वाद’ मशीनपर्यंत पोचतो तेव्हा त्यात आईही नसते आणि आशीर्वादही नसतो. नुसते आकडे असतात. मशीन ते निमूट गिरवतं आणि रिक्षावाल्याला मात्र त्यात आई दिसते.

निमूट गिरवतं, असं म्हटलं खरं; पण ते आकडे त्याच्यापर्यंत पोचले तर. माझ्या ओळखीच्या दुकानात बसलं की सकाळी अकराच्या सुमाराला हमखास एक वाक्य ऐकू येतं: “शेठ, मशीन घेत नाहीये.” हे ‘घेत नाहीये’ मला फार आवडतं. बिघाड आहे म्हणावं तर तसं काही दिसत नाही. मशीनची मर्जी नाही, एवढंच. मग संगणक दुरुस्त करणारा येतो आणि प्रिंटरवर एक पान छापून दाखवतो: हे बघा, संगणक ठणठणीत आहे. मशीनवाला येतो, सेल्फ टेस्टचं बटण दाबतो, मशीन आपलं आपण एक नक्षी कापून दाखवतं: हे बघा, मशीन ठणठणीत आहे. मुलाकडचे चांगले, मुलीकडचेही चांगले; अडलंय ते मध्यस्थापाशी.

हा मध्यस्थ म्हणजे एक हातभर केबल. जुन्या मशीनांना नऊ पिनांचं सिरियल पोर्ट असतं. ते ज्या आरएस-२३२ पद्धतीने बोलतं, ती अमेरिकेत १९६० साली ठरली. त्याच साली आपलं महाराष्ट्र राज्य झालं. म्हणजे दोघं एका वयाची. आजच्या लॅपटॉपला हे भोक नसतं, म्हणून पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतून कन्व्हर्टर केबल येते. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला नऊ पिना, आणि मध्ये प्लॅस्टिकच्या बोंडात दडलेली एक चिप. ही चिप संगणकाला थाप मारते की मी एक जुनं सिरियल पोर्टच आहे. विंडोज ती थाप खरी मानून तिला नंबर देतं, समजा कॉम थ्री.

संध्याकाळी दुकानातला पोरगा मोबाइल चार्ज करायला ती केबल काढतो आणि सकाळी शेजारच्या भोकात खुपसतो. पुष्कळशा स्वस्त चिपांना स्वतःचा अनुक्रमांक नसतो. त्यामुळे विंडोजला वाटतं की कोणी नवीनच पाहुणा आला, आणि ते त्याला कॉम सेव्हन म्हणून बसवतं. कटिंगचं सॉफ्टवेअर बिचारं कॉम थ्रीच्या दारात उभं राहून हाका मारतंय, आणि काही जुन्या सॉफ्टवेअरांची यादी तर चार नंबरातच संपते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्याला पुन्हा तीन नंबर द्यायला जावं तर विंडोज म्हणतं, तो वापरात आहे. कोण वापरतंय? तोच, कालचा. न आलेल्या माणसासाठी रुमाल टाकून अडवलेली ही जागा हिमतीने ‘यस’ दाबल्याशिवाय सुटत नाही. माझ्या मते यावर एकच उपाय टिकाऊ आहे: ज्या भोकात केबल आहे त्याला लाल टेप लावायची आणि पोराला वेगळा चार्जर घेऊन द्यायचा.

चिपांच्या दुनियेत याहून नाट्यमय गोष्टीही घडल्या आहेत. एफटीडीआय ही अशा चिपा करणारी नावाजलेली कंपनी. २०१४ च्या ऑक्टोबरात विंडोजच्या अपडेटबरोबर तिचा नवा ड्रायव्हर जगभर गेला, आणि त्याने नकली चिपा हेरून त्यांची ओळख पुसून शून्य करून टाकली. काल चालणारी केबल आज संगणकाला ओळखू येईना. फार ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. पण केबल विकत घेणाऱ्याला आपल्या बोंडात अस्सल आहे की नक्कल हे कुठे ठाऊक असतं? गिऱ्हाइकाला उभं ठेवून ‘अपडेटिंग, ३० टक्के’ बघत बसणं हा अनुभव मात्र सगळ्यांना येतो.

केबल जुळली म्हणजे झालं असंही नाही. दोघांचा बोलण्याचा वेग एक हवा. बहुतेकदा तो ९६०० असतो. मशीनची स्मरणशक्ती तोकडी. ती भरली की ते ‘थांब’ म्हणतं, आणि संगणकाने ते ऐकायला हवं. त्याला हँडशेक म्हणतात. हे सेटिंग दोन्हीकडे वेगळं असेल तर संगणक बोलतच सुटतो, मधले काही आकडे सांडतात, आणि पातं टेकलेल्या अवस्थेतच मशीन भलत्या कोपऱ्याकडे निघतं. भावी नगरसेवकांच्या नावावरून अशी एक सरळ तिरकी रेघ गेलेली मी पाहिली आहे. कार्यकर्ते विरोधकांवर संशय घ्यायच्या बेतात होते.

हिवाळ्यात अजून एक भानगड. कोरड्या हवेत व्हिनाइल, म्हणजे ज्यातून अक्षरं कापायची ते चिकट प्लॅस्टिक, रोलवरून सुटताना आणि रोलरवर घासताना स्थिर वीज साठते, आणि मोठं काम निम्म्यावर आलं की यूएसबीचा संबंध तुटतो. इलाज अर्थिंगचा. दुकानात तीन पिनांचे सॉकेट असतात, तिसऱ्या भोकात वायरही असते. ती पुढे जमिनीत जाते की माळ्यावर गुंडाळून ठेवलेली असते, ते विचारायची पद्धत नाही.

इथपर्यंतच्या अडचणी जगातल्या कोणत्याही दुकानाच्या. आता खास आपली. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी उभी असतात. कापा आणि लावा. देवनागरी एका रेघेला लटकलेली. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत शब्द तुकड्यातुकड्यांनी बनतो: अक्षर वेगळं, काना वेगळा, वेलांटी वेगळी, आणि प्रत्येकाची शिरोरेषेची आपापली चिंधी. पडद्यावर ती एकमेकींवर चढलेली असल्यामुळे रेघ अखंड दिसते. मशीन मात्र प्रत्येक तुकड्याची कड इमानाने कापतं. सोलायला घेतलं की शिरोरेषेचे पाच-सहा तुकडे निघतात. कसेबसे लावले तरी पहिल्याच पावसाळ्यात प्रत्येक सांध्याची कड उचलते. म्हणून कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे कर्व्ह करून ती ‘वेल्ड’ करावी लागतात. मग शब्द एकसंध, आणि चिकटवताना तर इंग्रजीपेक्षा सोपा, कारण सगळी अक्षरं एका रेघेला धरून सरळ येतात. फक्त अनुस्वार तेवढा पोरका. कचऱ्याबरोबर तो निघून जातो, आणि ‘पतंग’चा ‘पतग’ होतो. चांगल्या दुकानात चिमटा असतो आणि मशीनच्या झाकणावर सांडलेले चार-दोन अनुस्वार जपून ठेवलेले असतात.

कर्व्ह केल्यावर ती अक्षरं अक्षरं राहत नाहीत, चित्र होतं. शुद्धलेखन सुधारायचं ते त्याआधी. पण ‘आशिर्वाद’ लिहून आणणारं गिऱ्हाईक “आमच्या आधीच्या गाडीवर असंच होतं” म्हणतं, आणि शेठ वाद घालत नाही. तो बरोबर करतो.

सामानाची गोष्ट निराळी. तिथे घोळ सूक्ष्म असतो. व्हिनाइल ऐंशी-शंभर मायक्रॉनचं, खाली मेणचट कागद. पात्याने व्हिनाइल पूर्ण कापायचं आणि कागदावर फक्त ओरखडा उठवायचा. कमी टेकलं तर अक्षर सुटत नाही, जास्त टेकलं तर कागदासकट हातात येतं. साध्या व्हिनाइलला ४५ अंशांचं पातं, जाड रिफ्लेक्टिव्हला ६० अंशांचं. त्या चमकणाऱ्या शीटमध्ये काचेचे बारीक मणी असतात, आणि ते पात्याची धार खाऊन टाकतात. पातं बोथट झालं की कोपरे फाटतात, ‘क्ष’ ओळखू येत नाही, आणि पोरगा दोष केबलला देतो. कारण केबल बदलायला शेठ तयार असतो; पात्याचं नाव काढलं की “परवाच तर आणलं” हे उत्तर ठरलेलं. ते ‘परवा’ दिवाळीच्या आधीचं असतं. कोपऱ्यात एक लहानसा चौकोन कापून, सोलून बघायला मिनिटही लागत नाही. घाईच्या दिवशी नेमकं तेच राहतं.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सरकारी सुरक्षा नंबरप्लेट कंपनीकडूनच लागून येऊ लागली, आणि या दुकानांचं रोजचं बांधलेलं काम सुटलं. आता मदार ढोल-पथकांच्या टी-शर्टांवर, काचेवरच्या नावांवर आणि लग्नाच्या गाड्यांवर. लग्नाची गाडी म्हणजे दहा मिनिटांत हवी, दोन्ही नावं सारख्या उंचीची हवीत, मध्ये बदाम हवा. एका दिवसाच्या कामाला खरं तर सहज निघणारं व्हिनाइल वापरायचं, पण मशीनवर जो रोल चढवलेला असेल तोच कापला जातो, आणि तो पाच वर्षं टिकणारा असतो. नवऱ्या मुलाचा भाऊ काचेवरून बोट फिरवत विचारतो, “काका, निघणार नाही ना?” शेठ छातीवर हात ठेवतो.

आठ-पंधरा दिवसांनी तोच भाऊ तीच गाडी घेऊन येतो. गाडी मित्राची असते, आणि मित्राचं स्वतःचं लग्न आता ठरलेलं असतं.

“काका, हे निघेल ना?”

“हेअर ड्रायर आहे का घरी?” शेठ मान वर न करता विचारतो, कारण मशीन पुन्हा घेत नसतं.