टायटल क्लिअर आहे, साहेब!

फ्लॅट दाखवणारा एजंट दोन गोष्टी छातीठोकपणे सांगतो. पाणी चोवीस तास आणि टायटल एकदम क्लिअर. पाण्याचं नळ सोडून बघता येतं. टायटलसाठी वकील गाठावा लागतो.

आमच्या वकीलबाईंनी 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट हातात ठेवला. कादंबरीच ती! थोरल्याचं नाव वारसाने लागलं, चार बहिणींनी हक्कसोडपत्रं दिली, धाकट्याने विकास सोसायटीचं कर्ज काढलं, बोजा चढला, उतरला. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सामाईक विहिरीचा हिस्सा निघाला. त्या विहिरीवर आता आमचं पार्किंग येणार आहे.

"म्हणजे मॅडम, जागा त्यांचीच ना?"

"आजवर कुणी हरकत घेतलेली नाही," बाई म्हणाल्या. त्यासाठीच तर जाहीर नोटीस दिली होती. विक्री, गहाण, दान, पोटगी, वहिवाट, असा कुणाचा काही हक्क असल्यास 14 दिवसांत कळवावे, नपेक्षा तो सोडून दिला असे समजण्यात येईल. असल्या नोटिसा आख्ख्या महाराष्ट्रात फक्त आमचे बाबा वाचतात, निधनवार्ता संपल्यावर.

खरी मेख पुढेच आहे. 1908 च्या कायद्याने आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. फेरफाराची नोंद महसुलापुरती, तिने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालय सांगून थकलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात टॉरेन्स नावाच्या गृहस्थाने 1858 मध्येच सरकारला मालकीची हमी घ्यायला लावली. आपलं सरकार मुद्रांक शुल्क घेतं.

माणसांच्या टायटलबाबत मात्र घटना स्पष्ट आहे. कलम 18 नुसार लष्करी आणि विद्याविषयक सोडले, तर सरकारने कुणाला किताब द्यायचा नाही. रावबहादूर, रावसाहेब गेले. पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, ते नावाला जोडू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये बजावलं. निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यांपर्यंत तो निकाल अजून पोचायचाय.

सिनेमावाले तरी सुखी असतील म्हणावं, तर 'देसी बॉईज'च्या नावावरून वाद गेला कोर्टात. 2015 मध्ये निकाल लागला, की नुसत्या नावावर कॉपीराइट नसतो. म्हणजे टायटललाच टायटल नाही!

एकूण सरकार जमिनीचं टायटल ठामपणे देऊ शकत नाही, माणसांना देऊ इच्छित नाही. मागेल त्याला बिनशर्त देतो तो एजंटच. वकीलबाईंच्या 'क्लिअर अँड मार्केटेबल' शेजारीसुद्धा 'आमच्यासमोर ठेवलेल्या कागदपत्रांच्या आधारे' हे शब्द आहेतच.

तेव्हा वाचकहो, जागा घेताना सॅम्पल फ्लॅटमधल्या टाइल्स नंतर बघा. आधी सातबारा काढा आणि 'इतर हक्क' रकाना चष्मा लावून वाचा.