आधी कबायेल, मग बाकीचे

उसिकनंतर कोण? हेवीवेट बॉक्सिंगचं वेड असलेली चार माणसं एकत्र आली की वाद इथूनच पेटतो. कुणी इटाउमाचं नाव घेतो, कुणी वॉर्डलीचं, कुणाला अजून फ्युरीचा मोह सुटत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे: अगित कबायेल. जगज्जेत्याशी लढायचा पहिला हक्क त्याचा आहे. तो डावलला जात असेल, तर क्रमवाऱ्या छापायच्या कशाला?

पहिल्या जागेबद्दल वाद नाही. ओलेक्सांद्र उसिकनं 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक घेतलं. 2018 मध्ये मॉस्कोत मुरात गासिएवला हरवून क्रूझरवेटचे चारही किताब एकत्र केले आणि मग तो वरच्या गटात उतरला. तिथं त्यानं अँथनी जोशुआला दोनदा हरवलं, टायसन फ्युरीला दोनदा, डॅनियल दुबॉला दोनदा. 18 मे 2024 रोजी रियाधमध्ये 6 फूट 9 इंचांच्या फ्युरीवर मात करून चारही किताब एकाच वेळी मिरवणारा तो पहिला हेवीवेट ठरला. 19 जुलै 2025 ला वेम्ब्लीत त्यानं दुबॉला पाचव्या फेरीत आडवं केलं. चोवीस लढती, चोवीस विजय. या माणसापुढे हात जोडावेत आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावं.

पुढचा प्रश्न दुसऱ्या पायरीचा. ती ठरवताना मी दोनच गोष्टी बघतो. समोर कोण होता? आणि त्याला हरवलं कसं? आधी सोप्या गिऱ्हाइकांवर जमवलेले नॉकआउट, सोशल मीडियावरचे चाहते, वजनाच्या काट्याशेजारची ढकलाढकली यांना या हिशेबात जागा नाही.

या दोन प्रश्नांवर कबायेलला घासून बघा. लेव्हरकुसेनमध्ये जन्मलेला, कुर्द घरातला हा जर्मन बॉक्सर. 2017 मध्ये माँटे कार्लोत त्यानं डेरेक चिसोराला हरवलं होतं, तरी पुढची काही वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 23 डिसेंबर 2023 ला रियाधमध्ये त्याची गाठ अर्सलानबेक मखमुदोवशी घालून दिली गेली. मखमुदोव तोवर अजिंक्य होता आणि बहुतेकांच्या मते तोच जिंकणार होता. चौथ्या फेरीत तो तीनदा खाली बसला आणि लढत संपली. पाच महिन्यांनी, उसिक-फ्युरी लढतीच्याच रात्री, क्युबाचा फ्रँक सांचेझ समोर आला. तोही अजिंक्य, तंत्रात पक्का. सातव्या फेरीत तोही संपला.

मग 22 फेब्रुवारी 2025. पुन्हा रियाध. समोर चीनचा झांग झिलेई, उंची 6 फूट 6 इंच, डावखुरा, आणि डाव्या हातात असा दणका की त्यानं आठ महिन्यांपूर्वी डिऑन्टे वाइल्डरला पाचव्या फेरीत झोपवलं होतं. त्याच डाव्या हातानं पाचव्या फेरीत कबायेलही खाली गेला. बहुतेक बॉक्सर अशा वेळी उठून मागे सरकतात, मिठी मारतात, घंटा होईपर्यंत दिवस काढतात. कबायेल उठला आणि पुन्हा पुढेच गेला. सहाव्या फेरीत त्याचे ठोसे झांगच्या पोटात असे घुसले की तो महाकाय माणूस खाली बसला. पंचांनी दहा आकडे मोजले तरी तो उठला नाही.

तिन्ही लढती त्यानं अंगावरच्या ठोशांनी काढल्या, आणि माझ्या लेखी सगळ्यात वजनदार बाब हीच आहे. डोक्यावर बसलेला ठोसा भान घालवतो. यकृतावर बसलेला ठोसा भान शाबूत ठेवतो आणि पाय काढून घेतो. उजव्या बरगड्यांच्या खालच्या कडेला, जिथं यकृत अर्धवट उघडं असतं, तिथं डाव्या हाताचा हुक बसला की पहिला क्षण काहीच होत नाही. मग अचानक श्वास अडतो, रक्तदाब घसरतो, गुडघे आपोआप दुमडतात. मोजणी कानावर पडत असते, डोळे उघडे असतात, उठायची इच्छाही असते. शरीर ऐकत नाही.

हा ठोसा मारणं स्वस्तात होत नाही. त्यासाठी आत शिरावं लागतं, गुडघ्यात वाकावं लागतं आणि मारणारा हात हनुवटीपासून खाली आणावा लागतो. तेवढा वेळ डोकं उघडं पडतं. शंभर किलोच्या वरचा माणूस समोर असताना ते डोकं उघडं टाकायला काळीज लागतं, आणि नेमक्या क्षणी आत शिरायला अक्कल. कबायेलकडे दोन्ही आहे. शिवाय उसिकला अडचणीत कसं आणायचं याची चर्चा निघाली की जाणकार बोट दाखवतात ते पोटाकडेच. चपळ पाय थांबवायचे तर आधी कंबरेवर काम करावं लागतं. म्हणजे उसिकसाठी सगळ्यात अवघड कोडं ज्याच्याकडे आहे, तोच रांगेत उभा आहे.

आता बाकीचे.

फाबियो वॉर्डलीबद्दल मला मनापासून कौतुक आहे. इप्सविचच्या या मुलाला हौशी बॉक्सिंगची पार्श्वभूमी नाही. नोकरदारांच्या हौसेखातर होणाऱ्या लढतींतून तो व्यावसायिक रिंगणात आला. जून 2025 मध्ये पोर्टमन रोड मैदानावर जस्टिस हुनीविरुद्ध तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर तो मागे होता आणि दहाव्या फेरीत एका उजव्या हातानं त्यानं लढत फिरवली. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ओटू अरीनात जोसेफ पार्करला अकराव्या फेरीत थांबवलं. नोव्हेंबरमध्ये उसिकनं डब्ल्यूबीओ या संघटनेचा किताब सोडला आणि तो वॉर्डलीच्या हाती आला. जिद्दीत तो कुणाला हार जाणार नाही. पण दोन्ही लढतींत तो बराच वेळ ठोसे खात होता, हे विसरता येत नाही. आव्हानवीरांच्या माझ्या यादीत तो दुसरा.

दुबॉ तिसरा. जॅरेल मिलर, फिलिप हर्गोविच आणि वेम्ब्लीच्या भरगच्च मैदानात जोशुआ, असे सलग तीन विजय ही मोठी कमाई आहे. पण उसिकसमोर तो दोनदा उभा राहिला आणि दोनदा पडला. तिसरी संधी त्याला पुन्हा कमवावी लागेल. पार्कर चौथा. वाइल्डर, झांग, मार्टिन बकोले असे एकाहून एक धोकादायक लोक अंगावर घेऊन त्यानं रांगेतली जागा मिळवली, आणि ती धरून बसण्याऐवजी वॉर्डलीविरुद्ध पणाला लावली. तो हरला, पण त्याच्या त्या निर्णयाला सलाम आहे.

मोझेस इटाउमावरून सगळ्यात जास्त आवाज चढतात. स्लोव्हाकियात जन्मलेला, इंग्लंडच्या केंट परगण्यात वाढलेला हा डावखुरा मुलगा नुकताच 21 वर्षांचा झाला. हातांचा वेग बघून डोळे दिपतात. ऑगस्ट 2025 मध्ये डिलियन व्हाइटला त्यानं पहिल्याच फेरीत उडवलं. उद्याचा राजा कोण, असं विचाराल तर मीही त्याचंच नाव घेईन. पण व्हाइट तेव्हा सदतिशीचा, उतरणीला लागलेला. इटाउमाला सात-आठ फेऱ्या कुणी झुंजवलेलं नाही, दमलेल्या अंगानं लढताना आपण त्याला पाहिलेलं नाही. त्याला घाईनं उसिकसमोर ढकलणारे त्याचे हितचिंतक नाहीत. पाचवा.

फ्युरीनं जानेवारी 2025 मध्ये निवृत्ती जाहीर केली, आता परतायचं म्हणतोय. परत यावं, जरूर यावं. पण उसिककडून दोनदा हरलेल्या माणसानं सुरुवात मागून करावी. जोशुआनं डिसेंबर 2025 मध्ये मायामीत यूट्यूबर जेक पॉलला सहाव्या फेरीत नॉकआउट केलं. तो विजय क्रमवारीत मोजण्याजोगा नव्हता. त्यानंतर काही दिवसांतच नायजेरियातल्या मोटार अपघातात त्यानं दोन जिवाभावाचे मित्र गमावले. त्याला आत्ता कुणी रांगेबद्दल विचारू नये. तो केव्हा आणि कसा परत येतो, येतो की नाही, हे त्याचं त्यानं ठरवावं.

आणि वाइल्डर. हे नाव खुद्द उसिकनं घेतलंय, म्हणून त्यावर बोलणं भाग आहे. त्याच्या उजव्या हाताइतका भयंकर हात या पिढीत दुसरा नव्हता. पण फ्युरीनं त्याला दोनदा थांबवलं, पार्करनं बारा फेऱ्या गप्प बसवलं, झांगनं झोपवलं. त्या झांगला झोपवणारा कबायेल दाराशी उभा असताना वाइल्डरला आत बोलावणं हा सरळसरळ अन्याय आहे.

हा अन्याय घडू कसा शकतो? कारण जगज्जेतेपद एक नाही. पनामातली डब्ल्यूबीए, मेक्सिको सिटीतली डब्ल्यूबीसी, न्यू जर्सीतली आयबीएफ आणि पोर्तो रिकोतली डब्ल्यूबीओ अशा चार संघटना, चार पट्टे आणि चार याद्या. किताबाची लढत झाली की बॉक्सरच्या मानधनातला वाटा संघटनेला मिळतो, म्हणजे जितके पट्टे तितकी वसुली. डब्ल्यूबीएकडे उसिक असतानाच शेजारी आणखी एक 'नियमित' विजेता असतो. डिसेंबर 2025 पासून तो मान आहे गासिएवकडे, त्याच गासिएवकडे ज्याला उसिकनं 2018 मध्येच मॉस्कोत हरवलं होतं. आयबीएफ तर कित्येकदा यादीतली पहिली जागा रिकामीच ठेवते.

कबायेल डब्ल्यूबीसीचा 'अंतरिम' विजेता आहे, झांगला हरवल्यापासून. या पदाचा हेतू चांगला आहे: मुख्य विजेता जखमी असेल, लढू शकत नसेल, तर गट अडून राहू नये आणि तो परतला की अंतरिम विजेत्याशी त्याची गाठ पडावी. प्रत्यक्षात हे पद म्हणजे रांगेतल्या माणसाच्या हाती ठेवलेली पावती झालंय. पावती आहे, माल कधी मिळणार ते कुणी सांगत नाही. कबायेल मात्र हात बांधून बसला नाही. जानेवारी 2026 मध्ये ओबरहाउझेनला आपल्या माणसांसमोर तो पोलंडच्या दामियान क्निबाशी लढला आणि तिसऱ्या फेरीत जिंकला. ती लढत हरला असता तर सगळी कमाई पाण्यात गेली असती.

रांगेतल्या माणसाला ताटकळत ठेवण्याचा या खेळाला जुना रोग आहे. हॅरी विल्स 1920 च्या दशकात वर्षानुवर्षं जॅक डेम्प्सीचा पहिला आव्हानवीर होता. कृष्णवर्णीय असल्यामुळे त्याला ती लढत मिळाली नाही, कधीच नाही. फ्लॉइड पॅटरसनच्या व्यवस्थापकांनी सनी लिस्टनला शक्य तितकं दूर ठेवलं. 25 सप्टेंबर 1962 रोजी शिकागोत अखेर गाठ पडली तेव्हा लिस्टननं पहिल्याच फेरीत किताब घेतला. 1992 मध्ये रिडिक बोनं लेनॉक्स लुईसशी लढण्याऐवजी डब्ल्यूबीसीचा पट्टा लंडनमध्ये कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्या दोघांची व्यावसायिक लढत कधीच झाली नाही. विल्सला नाकारण्याचं कारण वर्णद्वेषाचं होतं, आजचं कारण पैशाचं आहे, दोन्ही एका मापात तोलता येणार नाहीत. पण प्रत्येक वेळी प्रेक्षकांच्या हातून त्या काळातली सगळ्यात मोलाची लढत गेली किंवा लांबली.

समोरून येणारा युक्तिवाद मला ठाऊक आहे. उसिकनं सगळ्यांना हरवलंय, 17 जानेवारी 2026 ला तो 39 वर्षांचा झाला, मग शेवटच्या एक-दोन लढती त्यानं मनाजोगत्या आणि भरपूर पैशाच्या निवडल्या तर बिघडलं कुठं? या खेळात शरीर झिजतं, मेंदूला मार बसतो, तेव्हा बॉक्सरनं पैसा बघू नये असं म्हणायचा अधिकार खुर्चीत बसणाऱ्यांना नाही. माझं म्हणणं एवढंच: वाइल्डरशी लढायचं तर खुशाल लढावं, पण मग डब्ल्यूबीसीचा पट्टा टेबलावर ठेवून लढावं. आणि कबायेलला गल्ला जमवता येत नाही हेही खरं नाही. ओबरहाउझेनचा अरीना त्याच्यासाठी खच्चून भरला होता. 1930 ते 1932 या काळातल्या मॅक्स श्मेलिंगनंतर हेवीवेटचा मुख्य किताब जर्मन माणसाकडे आलेला नाही. उसिक-कबायेल लढत जर्मनीतल्या एखाद्या फुटबॉल मैदानावर भरवा, गर्दीची चिंता कुणाला करावी लागणार नाही.

शेवटचा मुद्दा उसिकच्याच कारकिर्दीतला. 2021 मध्ये सगळ्यांना हवी होती फ्युरी आणि जोशुआ यांची लढत. करारही होत आला होता. लवादानं फ्युरीला आधी वाइल्डरशी लढायला सांगितलं आणि तो बेत फिसकटला. तेव्हा डब्ल्यूबीओचा अधिकृत आव्हानवीर म्हणून जोशुआसमोर उभं राहायचा हक्क ज्याला मिळाला, तो होता उसिक. हेवीवेटमध्ये तेव्हा त्याच्या खाती दोनच लढती होत्या आणि फार गर्दी खेचेल असं कुणी मानत नव्हतं. नियमानं त्याची पाळी आली, म्हणून 25 सप्टेंबर 2021 ला टॉटनहॅमच्या मैदानावर जगाला खरा उसिक दिसला. पाळीचा नियम त्या दिवशी मोडला असता तर आज आपण ज्याला या काळातला सर्वश्रेष्ठ हेवीवेट म्हणतो, तो कदाचित रांगेतच म्हातारा झाला असता. तोच नियम कबायेललाही लागू करा. डब्ल्यूबीसीनं तारीख जाहीर करावी, उसिकनं लढावं किंवा पट्टा सोडावा. तिसरा पर्याय कुणीही मान्य करू नये.