पोस्टकोडवाले काका

मेलबर्नच्या टार्नीटमध्ये दर उन्हाळ्यात कुणाकुणाचे आईबाबा व्हिजिटर व्हिसावर येतात आणि त्यांत एक तरी काका आकड्यांचे निघतात. यंदाचे नाशिकरोडचे. अंगात भर जानेवारीत अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, खिशात बॉलपेन आणि पाठकोऱ्या पावत्यांची गड्डी.

हे काका तुमचं गाव विचारत नाहीत, पोस्टकोड विचारतात.

"३०२९ ना? मोठ्यापासून मांडा, ९३२०. आता उलटं, ०२३९. करा वजा!"

आपण हातातला चहा खाली ठेवून वजाबाकी करतो. ९०८१. "पुन्हा तसंच." ९६२१. मग ८३५२. आणि मग सत्यनारायणाचा प्रसाद हातावर ठेवावा तसे काका हळूच म्हणतात, "६१७४! आता कितीही करा, हलत नाही." चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत एवढंच, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती इथेच येते. देवळालीच्या शाळेतल्या द. रा. कापरेकर मास्तरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत सांगितलं. देवळाली म्हणजे नाशिकरोडच्या शेजारी, त्यामुळे शोधात काकांचाही वाटा असल्यासारखं आपल्याला वाटू लागतं. चहा तोवर निवलेला असतो.

ऑस्ट्रेलियावर काका खूश आहेत. इथला पोस्टकोड चार आकडी! आपल्याकडचा पिन सहा आकडी, त्यात सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी थांबत नाही. मायदेशाबद्दल त्यांची ही एकच तक्रार. मुलाने ऑपेरा हाऊस दाखवायचं ठरवलं, तर म्हणाले, "२००० ना? घरी बसून झालं. चार पायऱ्या." मेलबर्नच्या ३००० ला सहा लागतात, म्हणून शहर म्हणून मेलबर्न सरस! बार्बेक्यूला आलेला एक सिडनीकर यावर चिडला, तेव्हा त्याच्या समाधानासाठी परमाटाचे २१५० काढून पूर्ण सात पायऱ्या भरून दिल्या. भाचा सिडनीत पेन्सहर्स्टला घर बघत होता. पोस्टकोड २२२२. काकांनी फोनवरच मोडता घातला, "पहिल्याच वजाबाकीत शून्य! ईशान्येचं स्वयंपाकघर चालेल एक वेळ, हे नको."

मेलबर्न विद्यापीठासमोर मात्र ते चप्पल काढून उभे राहिले. अशा संख्यामालिका १९६४ पासून गोळा करणारे आणि १९७३ मध्ये त्यांचं पुस्तक काढणारे नील स्लोन इथे शिकले. "माळा त्यांनी ओवल्या," काका म्हणाले, "पण त्यातले काही मणी आपल्या देवळालीचे बरं का!" ट्रॅम थांबली होती. ड्रायव्हरलाही ऐकवायचा विचार होता, काकूंनी दंड धरला.

परवा मुलाने सहज सांगितलं, पर्थच्या दक्षिणेला समुद्रकाठी गोल्डन बे नावाचं उपनगर आहे, पोस्टकोड ६१७४. काका उठून उभेच राहिले. रात्री जेवले नाहीत. मेलबर्नहून विमानाने चार तास, तरी निघालेत. "तिथं करायचं काय?" काकूंनी विचारलं. "काहीच नाही. पोचलेलोच असतो!" काकूंना ते फार आवडलं, दोन दिवस वजाबाकी नाही म्हणजे माहेरपणच.

तेव्हा त्या बाजूला कुणाची ओळख असेल तर कृपया कळवा. दोघांची दोन रात्री सोय हवी आहे. काकूंचा गुरुवार असतो, आणि घराचा नंबर काकांना आधी सांगू नये.