पटाचे सर

आमच्या झाडीपट्टीत ‘पट’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे बैल येतात. धान घरात आलं की गावोगावी शंकरपट भरतो, जोड्या सुटतात, आणि रात्री पाहुण्यांना नाटक असतं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, त्या डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मधली सात वर्षं आमच्याकडे एकच पट चालू होता, तो शाळेचा. त्यात बैलांच्या जागी मास्तर धावतात. या पटावर कोणत्याही न्यायालयाने कधी बंदी आणली नाही. प्राणिमित्रांचं मास्तरांकडे लक्ष गेलं नसावं.

आमच्या शाळेतले एक सर या पटात गेली अठरा वर्षं धावताहेत. मी त्याच शाळेत बाबू आहे, म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर माझ्या ताब्यात असतं, आणि ते धावून जे आणतात ते मी लिहितो. सरांचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. मूलपासून वडशापर्यंत आणि नागभीडपासून चामोर्शीपर्यंत जिथे म्हणून अनुदानित शाळा आहे, तिथे हे सर आहेतच. मे महिन्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, डोळे तेवढे उघडे, असा माणूस भर दुपारी गाडीवरून जाताना दिसला की समजावं, एकतर हा बचतगटाच्या वसुलीचा आहे नाहीतर पाचवीच्या प्रवेशाचा. वसुलीवाल्याला लोक घाबरतात. आमच्या सरांना पाहून खाटेवरून उठतसुद्धा नाहीत.

शाळेला दोन फाटकं आहेत. उजवीकडे जुनं हायस्कूल, पाचवी ते दहावी, अनुदानित, ‘सेमी’. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, आणि धाक दोन्हीतून. डावीकडे त्याच संस्थेची नवी प्राथमिक, पहिली ते चौथी, स्वयंअर्थसहाय्यित. तिच्या पाटीवर ‘बायलिंग्वल’ असं सोनेरी अक्षरात लिहिलंय. डाव्या फाटकावर मार्चपासून ‘प्रवेश मर्यादित’ अशी पाटी लागते. उजव्या फाटकावर ‘प्रवेश सुरू आहे’ ही पाटी गेल्या किती वर्षांत उतरवलेलीच नाही, तिच्यामागे चिमण्यांनी घर केलंय. डावीकडून चौथी पास झालेली पोरं उजवीकडे येतील असा अध्यक्षांचा हिशेब होता. पण ज्या पालकाने पहिलीला इतके पैसे मोजले, तो पाचवीला पोरगं नागपूरला नाहीतर चंद्रपूरला टाकतो. त्यामुळे डावं फाटक लोकांना परतवतं आणि उजवं बोलावतं, आणि दोन्हीकडे सर एकच.

डाव्या फाटकाचं प्रवेश धोरण मीच टाईप केलं. अकरा कलमं. पहिल्या कच्च्या मसुद्यात ‘बालक व पालक यांची मुलाखत’ असं होतं. मी अध्यक्षांना सांगितलं की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ आड येतं. प्रवेशासाठी पोराची किंवा मायबापाची चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. अध्यक्ष म्हणाले, “मंग काय लिहाचं बाबू?” मी म्हटलं, “‘संवाद’ लिहू.” तेव्हापासून आमच्याकडे संवाद होतो. खाली शेवटचं कलम: अर्ज करणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. उजव्या फाटकाचं धोरण कुठे छापलेलं नाही, पण ते सरांच्या चेहऱ्यावर वाचता येतं: अर्ज नाही केला तरी प्रवेश मिळेल.

(कायद्यातल्या गरीब-वंचित पोरांसाठीच्या २५ टक्के जागांचंही अध्यक्षांना दुखणं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला, की सरकारी किंवा अनुदानित शाळा एका किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही. अध्यक्षांनी त्याच दिवशी मला आणि शिपायाला टेप घेऊन जिल्हा परिषद शाळेपर्यंत अंतर मोजायला पाठवलं. शिपाई म्हणाला, “कायले मोजता जी, आपलंच अनुदानित हायस्कूल भिंतीले भिंत लावून हाय.” तरी मोजलं. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. टेप अजून माझ्या टेबलात आहे.)

तर गेल्या एप्रिलमधला संवाद. टेबलामागे तिघं: अध्यक्षांच्या सूनबाई, ज्या मुख्याध्यापिकाही आहेत आणि पुण्याकडच्या आहेत, एक तरुण टीचर, आणि ज्येष्ठ म्हणून आमचे सर. सरांना कोट घातला होता. समोर कोरचीकडच्या रस्त्यावरच्या एका गावचा, तेंदू फळीवर पानं मोजून घेणारा दिवाणजी, आणि त्याचा सहा वर्षांचा धाकटा पोरगा, केसांना तेल थापलेला. सूनबाईंनी चित्रांचे पत्ते काढले. पहिलं चित्र दाखवलं.

“हे काय आहे, बाळा?”

“सांबार.”

सूनबाईंनी पत्ता उलटून पाहिला. कोथिंबीरच होती. दुसरं चित्र, टोमॅटो. पोरगा म्हणाला, “भेदरं.” तिसरा बटाटा. “आलू.” सूनबाईंनी कागदावर लिहिलं: ‘भाजी आणि इडलीबरोबरचा पदार्थ यांत गोंधळतो. भाषा: क.’

आता सर सिंदेवाहीचे. त्यांच्या आईने आयुष्यात कोथिंबीर हा शब्द उच्चारला नसेल. तिची सगळी हयात सांबार निवडण्यात गेली. सर हातातल्या पेनचं टोपण काढत होते आणि लावत होते. बोलले नाहीत. पोराला घरी गोंडी येत होती, गल्लीत झाडीबोली, मामाकडची छत्तीसगडी आणि टीव्हीवरच्या छोटा भीमची हिंदी. त्याला चार भाषा येत होत्या, शाळेला दोन हव्या होत्या, आणि त्या दोन्ही त्या चारांत नव्हत्या. दिवाणजी कागद घेऊन उठला, सरांकडे एकदा पाहिलं, “येतो जी” म्हणाला आणि गेला.

सरांनी कोट काढून माझ्या खुर्चीवर टाकला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत तिथेच असतो.

मग त्यांचा खरा हंगाम सुरू होतो. हायस्कूलची संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. पट पडला की एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, आणि अतिरिक्त म्हणजे समायोजन, आणि समायोजन म्हणजे आमच्या जिल्ह्यात भामरागड नाहीतर सिरोंचा. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने वीसच्या आतल्या पटाला धाक घातला, तेव्हापासून तर सर झोपेतही मोजतात, असं वहिनी सांगतात. एकोणीसला दचकून उठतात.

एके काळी हे सोपं होतं. पोरं रजिस्टरवर असत, वर्गात असतीलच असं नव्हतं. पण ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली, एका पोराला दोन शाळांत मोजू नये म्हणून पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. त्या तीन दिवसांत किती शाळांची हवा गेली ते सांगायला नको. आता तर आधार जुळल्याशिवाय पोरगं पोरगंच नाही. त्यामुळे सरांना खरीखुरी, हाडामासाची, आधारवाली पोरं लागतात, आणि ती झाडाला लागत नाहीत.

त्यांचे वैरी सगळीकडे आहेत. जिल्हा परिषदेचे गुरुजी चौथीला पाचवी जोडून पोरं धरून ठेवतात, वर ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत सरांच्या आधी घरोघर फिरून येतात. आदिवासी विकासचा प्रकल्प पोरं नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पाठवतो. त्यातून उरलं तर सहावीला घोटचं नवोदय. एकदा सरांनीच शिकवलेला एक पोरगा नवोदयला लागला. गावाने सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. सर नारळ घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, “बाबू, एक कमी झाला.”

त्यांची पद्धत मी मागच्या सीटवर बसून पाहिली आहे. डिकीत कोरे अर्ज, अंगठ्यासाठी स्टॅम्प पॅड, दोन दप्तरं आणि खर्रा. सर स्वतः खात नाहीत, व्यसनमुक्तीची शपथ तेच देतात. पण शाळेभोवतीची तंबाखूबंदीची शंभर यार्डांची हद्द ओलांडली की पन्नी काढून पालकापुढे धरतात. बसतात. धानाचं विचारतात, बोनसचं विचारतात, मोहाचं विचारतात. मग हलकेच सांगतात, “पुस्तकं आपल्याकडून फुकट. खिचडी आपल्याकडून. पोरगी आठवीत गेली की सायकल आपल्याकडून, नाहीतर निळी बस आहेच.” हे सगळं सरकारचं असतं, पण ‘आपल्याकडून’ म्हणताना सरांचा हात स्वतःच्या छातीवर असतो. तरुणपणी त्यांनी वडशाच्या एका नाटक कंपनीत दोन हंगाम भूमिका केल्यात, आणि झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं, तेव्हा दीड तासाचा पालक त्यांना जड नाही.

बारशाला जातात, तेरवीला जातात. बारशात बाळाच्या मुठीत शंभराची नोट ठेवतात आणि बाहेर येऊन डायरीत लिहितात: ‘पाचवी, जून २०३४’. लोक म्हणतात, सरांना जंगलात वाघीण आडवी आली तर पिल्लांची टीसी काढली का, हे आधी विचारतील. मी यात अतिशयोक्ती मानत नाही. एकदा रस्त्यात खरंच पाऊलखुणा दिसल्या तेव्हा ते खाली वाकून म्हणाले, “दोन लहान आहेत सोबत.”

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही त्या दिवाणजीच्या फळीवर गेलो. त्याचा थोरला मुलगा चौथी पास होता, हे डायरीत दोनदा अधोरेखित होतं. संध्याकाळची वेळ. बाया डोक्यावरून पानं आणत होत्या, सत्तर पानांचा एकेक पुडका, आणि दिवाणजी ओळीने ते मोजून घेत होता. सर काही न बोलता वाकले आणि वाळत घातलेले पुडके उलटायला लागले. अर्धा तास उलटत होते.

“काऊन जी सर, इकडं कसं?” दिवाणजीने वर न पाहता विचारलं.

“असंच. आठवण आली.”

“पोरगा पाचवीत चालला न माहा. आठवण तं येनंच.” त्याने एक ओळ पुरी मोजली. “लहान्याले नाही घेतलं तुम्ही.”

“ती समिती होती, भाऊ.”

“तुम्हीच बसले होते न समितीत. कोट घालून.”

सरांनी आणखी चार पुडके उलटले. तेवढ्यात दिवाणजीची आई जेवण घेऊन आली. फळीवरच चादर अंथरली. “बसा जी सर, बाबू तुम्हीबी बसा,” म्हणाली आणि भाकरीवर भेदऱ्याची चटणी वाढली. धाकटा पोरगा समोरच उकिडवा बसला होता. सरांनी घास घेतला, डोळे मिटले. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

“कशी झाली जी?” म्हातारीने विचारलं.

“मस्त आहे, माय. सांबार कसा मस्त पडलाय.”

पोराने मान वर केली. सरांकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. दिवाणजी काहीच बोलला नाही, पाणी प्यायला. मग म्हणाला, “थोरल्याची टीसी देतो. पन लहाना डाव्या फाटकानं जाईन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सर माझ्या टेबलाशी उभे. “बाबू, त्या भाषेच्या रकान्यात काय लिहिलंय?”

“क.”

“‘क’ला एक काना दिला तर?”

“‘का’ होईल.”

“मग तो कागद बदलू.”

आम्ही तो कागद बदलला. कसा, ते इथे लिहीत नाही; माझी नोकरी अजून सहा वर्षं आहे. जूनच्या शेवटी, विदर्भातल्या शाळा उघडल्या त्या दिवशी, थोरल्याचं नाव उजवीकडच्या रजिस्टरात चढलं आणि धाकट्याचं डावीकडच्या. सूनबाईंनी यादी पाहून विचारलं, हा मुलगा कोणी घेतला? मी सरांना हाक मारायला बाहेर आलो तर गाडी फाटकाबाहेर पडली होती. शिपाई म्हणाला, कोरचीकडे गेले. तिकडे कोणाच्या तरी घरी जुळी पोरं चौथी पास झाली आहेत म्हणे.