नव्या ‘स्टार ट्रेक’वर रुसावे कसे?

आवडती मालिका मोडून कोणी ती नव्याने उभी केली, तर चाहत्याने कसे वागावे याचे शिक्षण कुठल्याही विद्यापीठात मिळत नाही. परिणामी कितीतरी होतकरू चाहते सरळ तिकीट काढतात, चित्रपट पाहतात, तो त्यांना आवडतो आणि तसे ते चारचौघांत बोलूनही दाखवतात. हे थांबावे म्हणून हा मार्गदर्शनपर मजकूर. उदाहरणादाखल जे. जे. एब्रम्स यांचा, ८ मे २००९ रोजी अमेरिकेत झळकलेला ‘स्टार ट्रेक’ घेतला आहे. रुसण्याच्या शास्त्रात ट्रेकच्या चाहत्यांइतके मुरलेले कोणी नाही. त्यांचा रियाज १९६६पासून चालू आहे.

आधी मानाचा प्रश्न. लग्नघरात जावई रुसला तर धावाधाव होते, मांडववाला रुसला तर दुसरा मांडववाला येतो. तेव्हा प्रथम मान मिळवावा. ट्रेकवाल्यांनी तो टपालखात्यामार्फत मिळवला. एनबीसी वाहिनी ही मालिका दुसऱ्या वर्षानंतर गुंडाळणार अशी कुणकुण लागताच बिजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन यांनी देशभरातल्या प्रेक्षकांना पत्रे लिहायला बसवले. जानेवारी १९६८मध्ये कॅलटेकच्या विद्यार्थ्यांनी बरबँकला वाहिनीच्या दारात मोर्चा नेला. मार्चमध्ये वाहिनी नमली आणि मालिका चालू राहणार असे तिने पडद्यावरून जाहीर केले. मग तिसऱ्या वर्षासाठी वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची, म्हणजे मोर्चातली पोरे नेमकी घराबाहेर असतात ती. आणि एवढ्या पत्रांनंतर त्या वर्षी पहिला भाग दाखवला तो ‘स्पॉक्स ब्रेन’! त्यात मालिकेतले प्रमुख पात्र असलेल्या स्पॉकचा मेंदू चोरीला जातो आणि उरलेला स्पॉक दूरनियंत्रकाने चालवत मंडळी मेंदू शोधत फिरतात. सबंध मालिकेतला सर्वांत टाकाऊ भाग कोणता, अशी चर्चा निघाली की आजही पहिले नाव त्याचेच घेतले जाते. मागणी मान्य होणे हा रुसव्याचा शेवट नसतो, हा धडा चाहत्यांना इतक्या लवकर मिळाला.

१९७६मध्ये हीच सेना पुन्हा कामाला लागली. नासाच्या पहिल्या स्पेस शटलचे नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरले होते. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडे पत्रांचा इतका मारा झाला की ते बदलून मालिकेतल्या यानाचे ‘एंटरप्राइज’ हे नाव द्यावे लागले. पामडेलच्या समारंभाला मालिकेतली नटमंडळी जातीने हजर होती. ते शटल चाचण्यांसाठी वातावरणात उडाले, अंतराळात मात्र एकदाही गेले नाही.

मान असा पक्का झाला की झलकेची वाट पाहावी. झलक बघायची नसते, तपासायची असते. एब्रम्स यांची पहिली झलक जानेवारी २००८मध्ये ‘क्लोव्हरफील्ड’ या चित्रपटासोबत आली. तीत काय होते? वेल्डिंग करणारे कामगार, ठिणग्या, मूळ स्पॉक लिओनार्ड निमॉय यांचा आवाज आणि आकार घेत असलेले एंटरप्राइज. सामान्य माणसाच्या अंगावर यावेळी काटा येतो. तयार चाहता मात्र विचारतो की यान जमिनीवर कशाला बांधताय? एवढे धूड वर नेणार कसे? आणि ठिकाण सॅन फ्रान्सिस्को असायला हवे. जुन्या यानावरच्या पाटीवर तेच गाव कोरलेले आहे. चित्रपटात ही गोदी निघाली आयोवा राज्यात, रिव्हरसाइड या खेड्याजवळ.

रिव्हरसाइडची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. मालिकेचा नायक कॅप्टन कर्क आयोवाचा, एवढेच जनक जीन रॉडनबेरी यांनी लिहून ठेवले होते. गावाचे नाव नव्हते. १९८५मध्ये रिव्हरसाइडने जाहीर केले की ते गाव आपलेच. कर्कचा जन्म तेविसाव्या शतकातला, त्यामुळे कागदपत्रे मागायची सोय नव्हती. रॉडनबेरींनी संमती दिली, गावाने ‘भावी जन्मस्थान’ असा दगड बसवला आणि दरवर्षी जूनमध्ये जत्रा भरवायला सुरुवात केली. आणि २००९च्या चित्रपटात पहिल्या काही मिनिटांतच कर्क जन्मला तो अंतराळात, पळ काढणाऱ्या एका लहान यानात! नुकसानभरपाई म्हणून गावाला पडद्यावर गोदी मिळाली. दगड मात्र जागेवरच आहे. ज्याला पराभव मान्य करायचा नाही, त्याने काही वर्षे रिव्हरसाइडला उमेदवारी करावी.

नटांच्या निवडीवर नाराज होणे सोपे आहे, म्हणून त्यावर फार वेळ घालवू नये. फक्त एक सावधगिरी बाळगावी, ती म्हणजे आपण काय बोललो याची तारीखवार नोंद ठेवू नये. १९८७मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ मालिकेत शेक्सपिअरची नाटके करणारा, टक्कल पडलेला इंग्रज नट फ्रेंच कप्तान म्हणून उभा राहिला, तेव्हा खुद्द रॉडनबेरी आधी नाखूश होते. पॅट्रिक स्टुअर्ट यांचा तो पिकार्ड पुढे असा रुजला की नंतरच्या प्रत्येक कप्तानाला त्याच्याच मापाने मोजण्यात आले. त्याआधी, १९७९च्या पहिल्या चित्रपटात मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी भूमिकेसाठी डोक्यावरचे सगळे केस उतरवले होते. १९६५च्या या मिस इंडियाने एवढी किंमत मोजली, आणि चाहते चित्रपटावर चिडले ते तो संथ आहे म्हणून, आणि मालिकेतल्या परग्रहवासी क्लिंगॉन लोकांच्या कपाळावर अचानक वळकट्या कुठून आल्या म्हणून. या वळकट्यांचा खुलासा मालिकाकारांनी २००५मध्ये दिला. सव्वीस वर्षे! सरकारी खात्यांनीही माहितीच्या अर्जाला इतका वेळ लावलेला नाही, निदान बहुतेकांनी.

क्रिस पाइन कर्क झाल्यावर मूळ कर्क विल्यम शॅटनर यांना वगळल्याबद्दल दुःख व्यक्त करणे आवश्यक होते. त्यांनी स्वतःही ते केले. अडचण इतकीच की शॅटनर यांचा कर्क १९९४च्या ‘जनरेशन्स’मध्ये मेलेला. म्हणून अनुभवी चाहता दोन तक्रारी शेजारी शेजारी बाळगतो. एक, शॅटनरना घेतले का नाही. आणि दुसरी, घेतले असते तर मेलेला माणूस जिवंत करण्याचा निर्लज्जपणा केला का. दोन्ही एकाच वाक्यात बोलू नयेत, एवढे पथ्य पुरे.

सगळ्यांत कठीण पेच टाकला तो पटकथालेखक रॉबर्टो ऑर्सी आणि अ‍ॅलेक्स कर्ट्झमन यांनी. भविष्यातला नीरो नावाचा परग्रहवासी रोम्युलन भूतकाळात येतो, त्या क्षणी इतिहासाला दुसरा फाटा फुटतो आणि पुढचे सगळे त्या फाट्यावर घडते. जुन्या मालिकेचा काळ शाबूत, तिच्यातला एकही प्रसंग खोटा ठरत नाही. साक्षीला म्हातारा स्पॉक म्हणून निमॉय स्वतः हजर. ही चाल वरवर सौजन्याची वाटते, पण तिच्यामुळे चाहत्याच्या हातातले प्रमुख हत्यारच निकामी होते. ‘हे जुन्याशी विसंगत आहे’ असे म्हणायला जावे, तर उत्तर तयार आहे की असणारच, फाटा वेगळा आहे. अशा वेळी मोठ्या मुद्द्यांचा नाद सोडून बारीक मुद्द्यांकडे वळावे. स्पॉकचा व्हल्कन हा अख्खा ग्रह नष्ट केला, हे जरा भव्यच झाले. त्यापेक्षा पडद्यावर सतत चमकणारे प्रकाशाचे फराटे पाहावेत. ते जास्तच झाले हे एब्रम्स यांनीही पुढे मान्य केले. यानाचा चकचकीत पांढरा नियंत्रणकक्ष अ‍ॅपलच्या दुकानासारखा दिसतो, ही टीका तर जगभर चालली. आणि इंजिनघर! त्याचे चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागातल्या बडवायझरच्या बिअर कारखान्यात झाले. ते नळ आणि त्या टाक्या एकदा ओळखू आल्या की चित्रपट पुन्हा पूर्वीसारखा दिसत नाही. प्रकाशाहून वेगाने जाणारे यान नेमके कशावर चालते, हा प्रश्न मग निरागसपणे विचारता येतो.

एवढे करूनही चित्रपट आवडला तर? हा धोका खरा आहे. ६ एप्रिल २००९ रोजी टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात अलामो ड्राफ्टहाउस या चित्रपटगृहात चाहते जमले होते ते १९८२चा ‘द रॅथ ऑफ खान’ पाहायला; जोडीला नव्या चित्रपटाची दहा मिनिटे मिळणार होती. जुना चित्रपट सुरू होऊन काही क्षण जातात न जातात तोच फिल्म जळाल्याचे दिसले आणि पडदा अंधारला. गोंधळात निमॉय पुढे आले आणि त्यांनी विचारले की त्यापेक्षा नवा अख्खाच बघता का? सिडनीच्या ऑपेरा हाउसमधला जाहीर पहिला खेळ दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. ऑस्टिनचे प्रेक्षक वेडे झाले. तक्रारीचे सगळे साहित्य घरी ठेवून आलेल्या माणसांना असे बेसावध गाठणे हे कोणत्याही नीतिशास्त्रात बसत नाही.

आवडल्यास करायचे एवढेच की ‘सिनेमा म्हणून चांगला आहे, पण हा ट्रेक नव्हे’ हे वाक्य पाठ करावे. ‘द अनियन’ या विडंबनपत्राने तेव्हा एक खोटी बातमी दाखवली होती. तीत नवा चित्रपट मनोरंजक आणि बघण्याजोगा झाल्याबद्दल चाहते संतापले होते. पुष्कळ चाहत्यांना तिच्यात अतिशयोक्ती नेमकी कुठे आहे ते सापडले नाही. चित्रपटाने जगभरात सुमारे ३८ कोटी डॉलर मिळवले, रंगभूषेसाठी ऑस्कर घेतले, आणि ट्रेकच्या नावावरचे ते पहिलेच ऑस्कर.

यशाने खचून न जाता गणिताचा आधार घ्यावा. सम क्रमांकाचे ट्रेकपट चांगले, विषम क्रमांकाचे वाईट, हा चाहत्यांचा जुना सिद्धान्त. २००२चा ‘नेमेसिस’ दहावा असून पडला आणि एब्रम्स यांचा अकरावा असून चालला, तेव्हा सिद्धान्त कोसळायला हवा होता. पण चाहत्यांनी सिद्धान्ताला हात न लावता मोजणी दुरुस्त केली. ट्रेकच्या चाहत्यांचीच प्रेमळ टिंगल करणारा १९९९चा ‘गॅलेक्सी क्वेस्ट’ त्यांनी दहावा म्हणून मधे घातला. नेमेसिस झाला अकरावा, एब्रम्स बारावा, आणि पुढचा ‘इन्टू डार्कनेस’ तेरावा. ऑगस्ट २०१३मध्ये लास व्हेगासच्या मेळाव्यात जमलेल्या चाहत्यांनी क्रमवारी लावली, तर ‘रॅथ ऑफ खान’ पहिला आणि तेराव्याचा नंबर शेवटचा. ‘गॅलेक्सी क्वेस्ट’ मूळ ट्रेकपट नसूनही त्याच्या बराच वर होता. इतका अचूक पडताळा भौतिकशास्त्रातही रोज मिळत नाही.

त्या तेराव्याचा गुन्हा लपवाछपवीचा होता. खलनायक जुनाच खान आहे का, या प्रश्नाला निर्माते महिनोन्‌महिने नकार देत राहिले. बेनेडिक्ट कंबरबॅच यांचे पात्र जॉन हॅरिसन आहे असे सांगत राहिले. आणि पडद्यावर तो खानच निघाला. आधीच सांगितले असते तर बरे झाले असते, असे एब्रम्स नंतर म्हणाले. खान नूनियन सिंग हे नाव उत्तर भारतातल्या शीख माणसाचे म्हणून योजलेले. त्याला आधी मेक्सिकोत जन्मलेले रिकार्डो माँटलबान मिळाले आणि नंतर लंडनचे कंबरबॅच. खान आणि सिंग एकाच माणसाच्या नावात पाहून भारतीय चाहत्याने, खान मालिकेत पहिल्यांदा आला त्या १९६७मध्येच हरकत नोंदवायला हवी होती. पण तेव्हा आपल्याकडे टीव्ही फक्त दिल्लीत दिसत असे. मूळ मालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी आली ती ऐंशीच्या दशकात, आणि तोवर हरकतीची मुदत उलटून गेली होती.

राहता राहिला पाइन आणि मंडळींच्या या नटसंचाचा चौथा चित्रपट. जुलै २०१६मध्ये तो जाहीर झाला, त्यात कर्कच्या वडिलांच्या भूमिकेत क्रिस हेम्सवर्थ परतणार होते. हे वडील २००९च्या चित्रपटात शीर्षक येण्याआधीच मरतात. मग मानधनावरून बोलणी फिसकटली. दिग्दर्शक म्हणून एस. जे. क्लार्कसन आल्या-गेल्या, मॅट शॅकमन आले-गेले, २२ डिसेंबर २०२३ ही तारीख लागली आणि काढली गेली. दरम्यान २००९मध्ये पाइनच्या नावाने बोटे मोडणारे आता पाइनला चौथा चित्रपट मिळत नाही म्हणून हळहळतात. त्यांना जुन्या वाक्यांची आठवण करून देऊ नये. मेलेले वडील परत कसे, ही हरकत मात्र आत्ताच मुद्देसूद लिहून ठेवावी. चित्रपट आला तर लागेल, आणि वडिलांची भूमिका कापली तर ‘कापली का’ एवढेच वर जोडायचे.