सागवानाला चुना

ऐकलंत का? आमच्याच सोसायटीत, चांगल्या खात्यापित्या घरात, सासऱ्यांच्या सागवानी कपाटाला पांढरा रंग फासलाय! नुसता फासून थांबले नाहीत. वर पॉलिशपेपरने कोपरेकोपरे घासलेत, म्हणजे खालचं लाकूड पोपड्यांतून डोकावावं. याला म्हणे ‘शॅबी शीक’ म्हणतात. अशा अवस्थेतलं कपाट पूर्वी पाहुणे यायच्या आत आतल्या खोलीत ढकलत. आता ती अवस्था आणून द्यायचे पैसे घेतात, आणि देणारे देतात!

बरं, हे एकाच घरातलं नाही हो. हल्ली घराची आणि लाकडाची पत्रिका जुळल्याशिवाय कुणी खिळा ठोकत नाही. घर ‘स्कँडिनेव्हियन’ असेल तर स्थळ अ‍ॅश, बर्च नाहीतर पाइनचं, गोरंपान. ‘जपांडी’ला फिकट ओक. ‘मिडसेंच्युरी’ला अक्रोड. ‘इंडस्ट्रियल’ला आपला आंबाही चालतो, पण ओबडधोबड आणि लोखंडी पायांवर उभा. आणि सागवान? त्याला मंगळ! ‘फार पिवळं दिसतं’ म्हणून डिझायनरताई नाक मुरडतात. बल्लारशाचा साग अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांना चालला, नव्या संसदेसाठी नागपूरहून साग गेला. आमच्या वन बीएचकेत मात्र तो ‘जात’ नाही.

खरी भानगड तर पुढेच आहे. ज्या मिडसेंच्युरीपायी सागाला हाकललं, ती मूळची कशाची? १९५०च्या आसपास फिन यूल आणि त्याच्या डॅनिश भाईबंदांनी ज्या खुर्च्या-टेबलांवर नाव काढलं, त्यांत अक्रोड होता, पण गाजला तो साग. तोही आपल्या आशियातून जहाजांनी नेलेला! म्हणजे साग कोपनहेगनला जाऊन आला की मॉडर्न, आणि बल्लारशाहून आला की जुनाट. धन्य आहे.

चंदीगडचं प्रकरण तर त्याहून चविष्ट. तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी आणि विद्यापीठासाठी वास्तुकार पिएर जानरे यांनी साग-शिसमच्या, वेताने विणलेल्या, तिरक्या पायांच्या खुर्च्या करवून घेतल्या. पुढे बाबूलोकांनी त्या भंगारात काढल्या. मग परदेशातल्या लिलावांत त्यांना लाखांनी बोल्या लागल्या, आणि आपले डोळे उघडले. आता त्या खुर्चीची नक्कल बांद्र्यातही दिसते नि बाणेरातही. ज्या घरात ती दिसेल तिथे फक्त एवढंच विचारा, की आजोबांची वेताची आरामखुर्ची कुठे गेली? जुन्या बाजारात! आणि तिथून कुठे गेली, हे ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरवाल्यांना विचारा. ते हसतील, सांगणार नाहीत. सांगितलं तर गिऱ्हाईक तुटेल.

आता त्या गोऱ्यापान ओकबद्दल हळूच एक सांगते. ओक नसतोच तो. जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं लॅमिनेट असतं: कागदावर छापलेला ओकचा फोटो, खाली रेझिनमध्ये भिजवलेले तपकिरी कागद, आणि सगळं मिळून गरम दाबयंत्रात दाबलेलं. एका नव्या घरच्या पूजेला गेले होते. प्रसाद हातात घेऊन वॉर्डरोब बघत उभी राहिले, तर डाव्या दारावर डोळ्यासारखी एक गाठ. तिच्या शेजारी बारीकशी चीर. उजव्या दारावर तीच गाठ, तीच चीर, त्याच उंचीवर! झाडाला जुळं झालं म्हणायचं की काय? यजमीणबाई म्हणाल्या, ‘किती नॅचरल आहे ना?’ मी शिऱ्याचा घास घेतला. तोंड भरलेलं असलं की बरं असतं.

मिस्त्री सगळं जाणून असतात, पण बोलतात कशाला? ते आत प्लाय घालतात, वर फोटो चिकटवतात, कडेला पट्टी लावून मोकळे होतात. त्यांना धास्ती फक्त सिंकखालच्या कपाटाची. पैसे वाचवायला तिथे कुणी साधा एमडीएफ घातला, तर पाइपाच्या एका गळतीने दार खालून असं फुगतं की बंद व्हायचं नाव घेत नाही. मरीन प्लाय घाला म्हणून सांगितलेलं असतं हो, पण ते पैसे टीव्हीमागच्या खाचाखाचांच्या फ्लुटेड पॅनेलवर गेलेले असतात. ती पॅनेलं कशी पुसतात, पाहिलंयत? मी पाहिलंय. जुन्या टूथब्रशने! शिकलेली बाई, रविवारची सकाळ, आणि भिंतीचे दात घासतेय.

आणि आता ताजी बातमी. जपान्यांची एक जुनी रीत आहे, याकिसुगी म्हणून. सायप्रसच्या कुळातल्या त्यांच्या सुगी लाकडाच्या फळ्या वरून जाळून कोळशासारख्या काळ्या करायच्या, म्हणजे घराबाहेरच्या भिंतीला ऊनपाऊस सोसतो. बाहेरच्या, बरं का! आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्यांना ती दिवाणखान्यात हवी आहे, एसीखाली. फळ्या आल्यात, पाइनच्या, मी लिफ्टपाशी स्वतः मोजल्या. मिस्त्री शनिवारी ब्लोलॅम्प घेऊन येतोय आणि जाळणार आहे गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. सेक्रेटरींना अजून पत्ता नाही. तुम्ही सांगितलंत तरी हरकत नाही, पण माझं नाव मध्ये आणू नका.