मांडवीतले महर्षी

मांडवी एक्स्प्रेसने कोकणात जायचं ते दोन गोष्टींसाठी: खिडकी आणि पँट्री. सकाळी सातच्या सुमाराला सीएसएमटी सोडलेली ही गाडी दिवसाउजेडी कोकण दाखवत गोव्याकडे जाते आणि डब्यातून ऑम्लेट, कटलेट, वडे यांची वरात अखंड चालू असते. मला कुडाळला उतरायचं होतं. पँट्री मिळाली. खिडकी मात्र समोरच्या चिरंजीवांनी आधीच काबीज केली होती.

चिरंजीवांसोबत आई, बाबा आणि बाबांचा मोबाइल. पनवेलला गाडी थांबली. चिरंजीव म्हणाले, “गाडी थांबली.”

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “ऐकलंत? ‘स्टेशन आलं’ नाही म्हणाला. ‘थांबली’ म्हणाला. म्हणजे बाहेरच्या जगापेक्षा त्याचं लक्ष गतीकडे आहे.” मी बाहेर डोकावलो. गाडी खरोखरच थांबली होती. याहून अधिक काही मला त्या वाक्यात सापडेना, पण बाबांचा अंगठा मोबाइलवर चालू लागला होता. नातेवाइकांचा एक खास ग्रुप होता आणि चिरंजीवांच्या मुखातून पडलेलं वाक्य त्यावर ताबडतोब जात असे. पलीकडून मामा जोडलेले हात पाठवत. आत्याचा डोळे पुसणारा चेहरा येई.

“आमच्या आजोबांवर गेलाय,” आई म्हणाली. “कीर्तनं करायचे.”

“आमच्याकडेही सगळे विचारीच,” बाबा म्हणाले. “फक्त बोलत नाहीत.”

रोहा मागे पडलं आणि खरी कोकण रेल्वे सुरू झाली. रोह्यापासून पार मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. त्यासाठी सह्याद्रीला नव्वदच्या वर बोगदे पाडावे लागले. इंजिनिअरांनी ते पाडले तेव्हा त्यांतून पुढे कुणाची काय वचनं बाहेर पडतील याची त्यांना कल्पना असणं शक्य नव्हतं.

“अंधार झाला,” पहिल्या बोगद्यात चिरंजीव म्हणाले. “उजेड आला,” बाहेर पडल्यावर म्हणाले. पुढच्या बोगद्यात पुन्हा “अंधार झाला.”

“उपनिषद!” बाबा जवळजवळ उभेच राहिले. “अंधाराकडून उजेडाकडे! कोणी शिकवलं नाही हो याला.”

“आणि परत अंधाराकडे गेला त्याचं काय?” कोपऱ्यातल्या आजींनी विचारलं. त्या रत्नागिरीला उतरणार होत्या आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. बाबांना ऐकू गेलं नाही. बोगद्यात रेंज नसल्याने उपनिषद मोबाइलमध्येच अडकलं होतं आणि ते खिडकीबाहेर हात काढून ते सोडवू पाहत होते.

खेड गेल्यावर चिरंजीवांनी जाहीर केलं, “तो डोंगर आपल्याबरोबर येतोय.” यावर चराचर सृष्टीशी एकरूप होण्याबद्दल जे निरूपण झालं ते चिपळूणपर्यंत पुरलं. जगातली बहुतेक मुलं असंच म्हणतात. कुणाच्या मागे डोंगर येतो, कुणाच्या मागे चंद्र. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी मुलांची असली वाक्यं १९२०च्या दशकात टिपून ठेवली. पुढे स्वतःच्या तीन मुलांच्या तर त्यांनी वह्याच भरल्या आणि त्यातून बालमानसशास्त्राची एक शाखाच उभी राहिली. पण पियाजे टिपत होते ते मुलं जग कसं निराळं समजतात ते, आणि त्यांच्या चुकाच त्यांना मोलाच्या वाटत. समोरच्या बाबांच्या हिशेबात चूक हा रकानाच नव्हता.

पण सगळा दोष त्यांच्यावर तरी का टाकावा? आपल्या मातीचाही थोडा आहे. शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी झाली तेव्हा ज्ञानेश्वर पंधरा-सोळा वर्षांचे. मुक्ताबाई त्यांच्याहून धाकटी, आणि तिने चांगदेवांचं कोरं पत्र पाहून ‘एवढं तप करून हा कोराच राहिला’ असा निकाल दिल्याची कथा घरोघर सांगतात. ज्या प्रांतात असं घडलेलं आहे तिथे पोराने तोंड उघडलं की आईबाप कान टवकारणारच. फरक एवढाच, की मुक्ताईचं म्हणणं चांगदेवांना कळावं म्हणून शेजारी बसून कोणाला भाष्य करावं लागलं नव्हतं.

उक्षी सोडलं आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा हा बोगदा म्हणजे या मार्गावरचा सर्वांत लांब. भाष्याला भरपूर वाव. मध्यावर चिरंजीव क्षीण आवाजात म्हणाले, “माझ्या पोटात बोगदा झालाय.”

बाबांनी डोळेच मिटले. “पिंडी ते ब्रह्मांडी,” ते पुटपुटले. “बाहेर बोगदा, आत बोगदा. पोकळी. शून्य.”

“शून्य कसलं,” आजी म्हणाल्या, “भूक लागलीय त्याला. सकाळपासून तुम्ही सगळं त्याच्या तोंडातून काढताय, आत काही घातलंत का?” त्यांनी पिशवीतून डबा काढून बेसनाचा लाडू त्याच्या हातात ठेवला. मग दुसरा ठेवला. चिरंजीव गप्प झाले.

“मौन,” बाबा मला हळूच म्हणाले.

रत्नागिरीला आजी उतरल्या आणि टीसी चढले. आईबाबांची तिकिटं बघून झाल्यावर त्यांनी चिरंजीवांकडे बोट केलं. “हा किती वर्षांचा?”

“साडेचार,” बाबा म्हणाले.

“सहा,” चिरंजीव म्हणाले. “पण बाबांनी सांगितलंय, गाडीत साडेचार.”

डब्यात शांतता पसरली. कुणी मोबाइल काढला नाही. “लहान आहे हो,” बाबा म्हणाले, “काहीही बोलतो.” दिवसभरात लेकाच्या ज्या एका वाक्यावर त्यांनी विश्वास ठेवायला नकार दिला, ते हे.

“तुमच्याकडचंच वळण,” आई म्हणाली.

“का? कीर्तनकार तुमचे होते ना?”

टीसी शांतपणे पावती फाडत होते: भाडं, वर २५० रुपये दंड. तेवढ्यात गाडी पानवलच्या पुलावर आली. चौसष्ट मीटर उंच पूल, खाली हिरवी दरी. “बाबा, केवढं खोल!” चिरंजीव ओरडले. पूर्ण प्रवासातलं हे सर्वांत योग्य वेळी आलेलं वाक्य होतं, पण बाबा सुट्टे मोजत होते. खाली पाहिलं ते फक्त चिरंजीवांनी आणि मी.

तेव्हा आपल्याही घरी कुणी महर्षी वाढत असतील तर त्यांना घेऊन कोकणात जरूर जा, खिडकी द्या, दर दोन तासांनी काहीतरी खायला द्या. आणि मुख्य म्हणजे त्यांचं तिकीट काढा. पाच वर्षं पूर्ण झाली, की वेगळा बर्थ नको असला तरी रेल्वे अर्धं भाडं घेते.